पाटी पेढीची, जबाबदारीही पेढीची

कापूस-सोयाबीनचा हंगाम संपला की माहूर-किनवट भागातील शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदा मोठी रक्कम येते. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या हाती ती आयुष्यातून एकदाच येते. शेअर बाजाराच्या नावाने फसवणूक करणाऱ्यांना अशाच रकमांचा वास लवकर लागतो.

बंधुभगिनींनो, अडत्याची पेढी आपणांस नवी नाही. गादीवर मुनीम बसतो, तोच पट्टी लिहितो, तोच पैसे मोजून देतो. परंतु पट्टीत खोट निघाली तर हिशेब मागावयाचा तो पेढीच्या मालकाकडे. "मुनीम माझा नव्हे" असे त्याला म्हणता येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३८ हेच तत्त्व सांगते: मालकाचे काम करीत असता अभिकर्त्याने केलेले कपट हे मालकानेच केल्यासारखे धरले जाते. मात्र त्याच कलमाचा उत्तरार्ध असा की, अधिकाराबाहेरील बाबतीत अभिकर्त्याने केलेले कपट मालकाला बाधत नाही. गुंतवणूकदारांचे पुष्कळसे तंटे या उत्तरार्धापाशीच येऊन थबकतात.

तालुक्याच्या गावी शेअरचे काम करणारा गृहस्थ बहुधा स्वतः दलाल नसतो. दलाल म्हणजे सेबीकडे नोंदलेली, मोठ्या शहरातील पेढी. गावातील माणूस तिचा प्रतिनिधी असतो. पूर्वी त्याला उपदलाल म्हणत. तो वर्ग ३१ मार्च २०१९ नंतर उरला नाही. आता त्याला 'प्राधिकृत व्यक्ती' म्हणतात. या व्यक्तींविषयी सेबीने नोव्हेंबर २००९ मध्ये काढलेले परिपत्रक पंचायत सदस्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. प्राधिकृत व्यक्तीच्या प्रत्येक कृतीला आणि अकृतीला दलाल पेढी जबाबदार राहील, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या व्यक्तीने ग्राहकाचा पैसा वा शेअर स्वतःच्या नावावर घ्यावयाचा नाही. सर्व देवघेव पेढीच्या खात्यातूनच व्हावयाची. तिच्या शाखेची व दप्तराची पेढीने वेळोवेळी तपासणी करावयाची. गैरव्यवहार दिसला तर मान्यता रद्द करण्याची मागणी करावयाची, तिचे येणे रोखून धरावयाचे, पोलिसांत तक्रार द्यावयाची आणि त्या गावातील गुंतवणूकदारांना सावध करावयाचे. हे शेवटचे कर्तव्य विशेष महत्त्वाचे आहे, कारण पेढीने मौन पाळले तर शेजारचा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच दारात पैसे घेऊन उभा राहतो.

फसवणुकीची रीत ठराविक असते. प्रथम खरे डीमॅट खाते उघडले जाते, थोडे खरे व्यवहार होतात. विश्वास बसला की प्रतिनिधी सांगतो, "बाजाराची चढउतार तुम्ही कशाला सोसता? रक्कम माझ्याकडे द्या, दरमहा ठराविक टक्के घरपोच मिळतील." रक्कम त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जाते. पहिले काही महिने टक्के येतातही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुद्दलातून आलेले असतात. ओघ आटला की दुकानाला कुलूप लागते आणि पेढी कळवते, "हा त्यांचा खाजगी व्यवहार होता." निश्चित परताव्याची हमी देणे नियमबाह्य आहे. शिवाय अशा योजनेत पैसा गुंतविणाऱ्यास तक्रार निवारण, लवाद वा गुंतवणूकदार संरक्षण यांचा लाभ मिळणार नाही, असा इशारा नॅशनल स्टॉक एक्स्चेंज वारंवार देत आले आहे.

ग्राहकाची चूक येथे आहेच. पण पेढीचे हात त्यामुळे स्वच्छ ठरत नाहीत. तिच्या पाटीखाली बसून कोणी वर्षानुवर्षे हातोहात पैसे गोळा करतो आणि तपासणीस येणाऱ्याला ते दिसत नाही, तेव्हा ती तपासणी कागदापुरतीच राहिलेली असते. नुसती वही पाहून भागत नाही. दोन-चार ग्राहकांच्या घरी जाऊन "तुम्ही पैसे कुणाच्या नावाने दिले?" एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होईल.

आणि खुद्द पेढीच बिघडली तर? हैदराबादच्या कार्वी पेढीने ग्राहकांचे शेअर गहाण टाकून स्वतःसाठी कर्जे उचलली होती. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. पुढील महिन्यात सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत करण्यात आले आणि एप्रिल २०२३ मध्ये पेढीवर व तिच्या अध्यक्षांवर सात वर्षांची बंदी आली. दरम्यान १ सप्टेंबर २०२० पासून गहाणाची रीतही बदलली. शेअर आता ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि त्याच्या मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक दिल्यावाचून गहाण पडत नाहीत. म्हणून तो क्रमांक प्रतिनिधीला सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय.

शिक्षकांच्या बाबतीत एक गोष्ट नाजूक असली तरी सांगितली पाहिजे. गावात त्यांच्या शब्दाला वजन असते, म्हणूनच अशा योजनांचे चालक त्यांना मध्यस्थ करू पाहतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास पूर्वमंजुरीवाचून व्यापारधंदा करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकांनीही हीच मर्यादा पाळणे इष्ट आहे.

प्राधिकृत व्यक्तींची नावे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ग्रामसेवकाने आपल्या भागातील नावे काढून पंचायतीच्या फलकावर लावली, तर त्याला खर्च काहीच नाही. व्यवहार झाल्यावर २४ तासांत पेढीच्या नावाची करारचिठ्ठी आली पाहिजे. ती न आल्यास त्याच दिवशी पेढीला लेखी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' व्यवस्थेत तक्रार नोंदवावी. तेथे पेढीला २१ दिवसांत कार्यवाहीचा अहवाल द्यावा लागतो. पैसा प्रतिनिधीच्या खाजगी खात्यात गेला असेल, तर पावती, बँकेचा उतारा आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवून पोलीस ठाणे गाठावे. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली ठेवी बुडविणाऱ्याची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या २०१३ मधील सुमारे ५,६०० कोटी रुपयांच्या प्रकरणासही हा अधिनियम लागू पडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी दिला. त्या प्रकरणातील गुंतवणूकदारही दलाल पेढ्यांमार्फतच तेथवर पोहोचले होते.