गोटीचा ठोका आणि अणूचे अंतरंग
(भाषणाचा मजकूर)



गोट्यांचा डाव गावोगावच्या अंगणात रंगत आला आहे. नेम धरून मारलेली गोटी तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोटीवर अगदी समोरून आदळली, तर पहिली जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन पुढे धावते. मुलांच्या अंगवळणी पडलेल्या या ठोक्यात यंत्रशास्त्राचे दोन मोठे नियम दडलेले आहेत.

वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. त्याला दिशाही असते. बाहेरून बल लागले नाही, तर टकरीपूर्वीचा एकूण संवेग टकरीनंतरही तेवढाच राहतो. गतिज ऊर्जेचे तसे नाही. ओल्या मातीचा गोळा तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोळ्यावर आदळून त्याला चिकटला, तर संवेग कायम राहतो. गतिज ऊर्जा मात्र निम्मी उरते. बाकीची आकार बदलण्यात व उष्णतेत खर्ची पडते. जीत गतिज ऊर्जाही अबाधित राहते, ती स्थितिस्थापक टक्कर होय. १६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला, तेव्हा अशा टकरीचे अचूक नियम हायगेन्स यांनी मांडले.

या नियमांची खरी कसोटी १९३२ साली लागली. बेरिलियममधून निघणारे अदृश्य प्रारण पॅराफिन मेणातून प्रोटॉन वेगाने उडविते, असे पॅरिसमध्ये ईरेन व फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांना आढळले. हे प्रारण गॅमा किरणांचे असावे, असे त्यांनी मानले. केंब्रिजच्या जेम्स चॅडविक यांनी जमाखर्च तपासला. प्रोटॉनला एवढा वेग देण्यास गॅमा किरणांची ऊर्जा सुमारे ५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट हवी होती. तेवढी तेथे उपलब्धच नव्हती. तेव्हा एक तर अक्षय्यतेचे नियम सोडणे, किंवा प्रारणाविषयीची कल्पना बदलणे, एवढेच मार्ग उरले. चॅडविक यांनी नियम सोडले नाहीत. हायड्रोजनचे अणुकेंद्र सेकंदास सुमारे ३३,००० किलोमीटर, तर नायट्रोजनचे सुमारे ४,७०० किलोमीटर वेगाने उडत होते. या दोन वेगांवरून आदळणाऱ्या कणाचे वस्तुमान प्रोटॉनएवढेच असल्याचे त्यांनी काढले. तो विद्युत्भाररहित कण म्हणजे न्यूट्रॉन. या शोधासाठी त्यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

समान वस्तुमानाचा हाच नियम अणुभट्टीतही राबतो. युरेनियमच्या विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन अतिवेगवान असतात. पुढील विखंडन सुलभ होण्यासाठी त्यांना मंद करावे लागते. जड अणुकेंद्रावर आदळलेला न्यूट्रॉन फारशी ऊर्जा न गमावता उसळतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र मात्र त्याच्याच तोलाचे. म्हणून कार्बनवर सरासरी ११४ टकरी लागतात, तेथे हायड्रोजनवर सुमारे १८ पुरतात. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीत हे मंदायकाचे काम साध्या पाण्याने केले.

विज्ञानाच्या अध्यापनास साहित्य नाही, ही अडचण अनेक शाळांत सांगितली जाते. ती खोटी नाही. तथापि या धड्यापुरते चार गोट्या आणि मूठभर ओली माती पुरेशी आहे. हिशेब जुळला नाही, तर नियम मोडण्याची घाई न करता नजरेतून निसटलेले शोधावे, ही चॅडविक यांची शिकवण विद्यार्थ्यांच्या मनात त्यातूनच रुजेल.