कुत्र्याला हाताची खूण शिकवा



कुत्रा पाळणे आपल्याला नवे नाही. काटोल, नरखेड, सावनेरकडे राखणीला कुत्रा नाही अशी संत्र्याची बाग शोधावीच लागेल. पण कुत्रा असणे वेगळे आणि सांगितलेले ऐकणारा कुत्रा असणे वेगळे. आज्ञापालनाच्या स्पर्धांसाठी कुत्र्यांना हाताच्या खुणा शिकवतात. आज त्याविषयी बोलणार आहे. स्पर्धेशी आपला काय संबंध, असे कोणाच्या मनात आले असेल, तर आधी माझ्या घरची गोष्ट ऐका.

हरभऱ्याची मळणी चालू होती. आमचा मोत्या एका मांजरामागे लागून थेट डांबरी सडकेकडे धावला. ‘बस’ हा शब्द त्याला पक्का येत होता. मी जीव तोडून ओरडलो, पण थ्रेशरच्या आवाजापुढे माझा आवाज तो काय पोचणार! त्याने मात्र एकदा वळून पाहिले. मी दोन्ही हात हलवत होतो. त्या हातांचा अर्थ मी त्याला कधी शिकवलाच नव्हता. तो पुढे गेला आणि ट्रकखाली आला. ऐकू आले नाही, पण दिसत होते, ही गोष्ट मला आजही बोचते.

स्पर्धेतल्या लोकांनी हे फार आधी ओळखले होते. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी १९३३ साली अशी पहिली चाचणी भरवली आणि १९३६ मध्ये तेथील केनेल क्लबने तिचे नियम केले. वरच्या वर्गात मालक रिंगणाच्या एका टोकाला आणि कुत्रा दुसऱ्या टोकाला असतो. उभा राहा, झोप, बस, ये, हे सगळे फक्त हाताने सांगायचे. तोंडाने आज्ञा द्यायला मनाई. आपल्याकडेही केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेने आज्ञापालनाच्या चाचण्या होतात.

जनावर आपल्या शब्दांपेक्षा आपल्या अंगाकडे जास्त लक्ष देते. जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा टाप आपटून गणिते सोडवतो, अशी ख्याती होती. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट यांनी तपासले, तेव्हा कळले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून थांबत असे. आपल्या बैलजोडीवाल्याला यात नवल वाटणार नाही.

आता पद्धत. भाकरीचा तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाजवळ न्यावा व हळूहळू डोक्यावर उचलावा. तोंड वर गेले की बूड आपोआप खाली टेकते. टेकताच तुकडा द्यावा. तळहात वर करून हात उचलणे, हीच पुढे ‘बस’ची खूण होते. हात वरून सरळ खाली आणणे म्हणजे ‘झोप’. नाकासमोर उघडा पंजा म्हणजे ‘थांब’. बाजूला पसरलेला हात छातीशी आणणे म्हणजे ‘ये’. खुणा याच हव्यात असे नाही, पण घरधनी, घरधनीण, पोरे आणि सालदार या सर्वांची खूण एकच हवी.

कुत्र्याला शब्द आधीच येत असेल तर खूण आधी करावी, क्षणभर थांबावे आणि मग शब्द उच्चारावा. बहुतेक जण दोन्ही एकदम करतात, तेथेच चुकते. काही दिवसांत तो शब्दाची वाट न पाहता बसू लागेल. मग शब्द सोडून द्यावा. अंतर घाईने वाढवू नये. दोन पावलांवर पक्के झाले की पाच, मग दहा पावले, गळ्यात लांब दोर ठेवून. चुकला तर पुन्हा जवळ यावे. खूण मोठी व ठळक करावी, कारण कुत्र्याला स्थिर वस्तूपेक्षा हालचाल चांगली दिसते. सराव पाच-पाच मिनिटांचाच, सकाळ-संध्याकाळ. आपल्या मे महिन्यात तर उजाडताच उरकावा.

मारू मात्र नका. ज्या हाताने मार बसतो, त्या हाताकडे कुत्रा खूण म्हणून पाहत नाही. तो उचलला की अंग चोरतो.

एक मर्यादा आहेच. पाठ फिरवलेल्या कुत्र्याला खूण कशी दिसणार? म्हणून चालता चालता त्याने आपणहून मागे वळून पाहिले की दर वेळी काहीतरी खायला द्यावे. ती सवय लागली की तो दर थोड्या वेळाने तुम्हाला शोधतो. शिट्टीचा उपयोग होतोच, पण यंत्राशेजारी तिचाही भरवसा धरू नये.

रानडुक्कर किंवा रोह्यावर कुत्रा सोडण्यासाठी हे शिकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार कुत्र्याकरवी पाठलाग करणे हेही शिकारीतच मोडते. डुकराच्या सुळ्याने फाटलेले कुत्रे मी पाहिले आहेत. खूण परत बोलावण्यासाठी वापरा. आणि तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस टोचून घ्या. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी.

आता मागच्या मैदानात प्रात्यक्षिक आहे. आमची काळी कुत्री चाळीस पावलांवर उभी राहील आणि शेजारी डिझेल इंजिन चालू ठेवले जाईल. पहिल्या वेळी ती चुकण्याचा संभव आहे, कारण एवढी माणसे तिने पाहिलेली नाहीत. माझी एकच विनंती, तिला कोणी हात दाखवू नका.