फाइलच्या नावातली वेलांटी

संगणकावरच्या फाइलला आपण हाताने नाव देतो तेव्हा सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते प्रोग्रॅम स्वतःच नावे तयार करू लागला की. शाळेच्या गुणपत्रिका, पतसंस्थेचे खातेउतारे, सोसायटीची बिले अशा शेकडो फायली एका बटणासरशी निघतात आणि प्रत्येकीचे नाव त्या त्या माणसाच्या नावावरून पडते.

काही चिन्हे फाइलच्या नावात चालतच नाहीत. विंडोजला प्रश्नचिन्ह, तारका, तिरक्या रेघा अशी एकूण नऊ चिन्हे वर्ज्य आहेत. ती गाळायलाच हवीत. पण नऊ चिन्हांची यादी करण्याऐवजी पुष्कळ प्रोग्रॅमर सोपा हुकूम सोडतात, ‘अक्षरे आणि आकडे ठेवा, बाकी सगळे काढा.’ इंग्रजीत ते खपून जाते. फ्रेंचमध्ये अक्षराच्या डोक्यावरची तिरपी रेघ गेली, तरी वाचणारा बहुधा समजून घेतो.

आपल्याकडे काय होते? युनिकोडमध्ये क, ख, ग हे ‘अक्षर’ या वर्गात आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार मात्र ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात. वरच्या हुकुमाने ती सगळी गळतात. ‘पाटील’चे होते ‘पटल’ आणि ‘पटेल’चेही ‘पटल’! एका शाळेत मी पाहिले आहे, वर्गात बेचाळीस मुले आणि फायली एकेचाळीस. नावे आडनाव आणि तुकडीवरून पडत होती. दुसरी गुणपत्रिका पहिलीच्या जागी जाऊन बसली आणि संगणकाने चकार शब्द काढला नाही. ज्याची गुणपत्रिका गेली, त्या मुलाच्या आईला कार्यालयात दोन खेपा घालाव्या लागल्या. फक्त रोमन अक्षरेच ठेवणारे प्रोग्रॅम तर याहून वाईट. त्यात मराठी नावाचे काहीच उरत नाही.

आता जरा बारीक गोष्ट. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर सबंध ‘ऱ’, नाहीतर साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ॲपलच्या मॅक संगणकांवर २०१७ साली नवी फाइलव्यवस्था येईपर्यंत जी जुनी होती, ती असे नाव फोडून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने ठेवत असे. लिनक्स जसे मिळेल तसे ठेवते. त्यामुळे एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली सुखाने नांदू शकतात. एकीत दुरुस्ती होते, दुसरी छापली जाते. यावर उपाय आहे. नाव साठवण्याआधी ते एकाच ठरावीक रूपात आणायचे. त्याची सोय आजच्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत तयार मिळते, वापरत मात्र फारसे कुणी नाही.

लांबीचेही तसेच. लिनक्सवर नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नुसत्या ‘क्षेत्र’ या शब्दात हलन्त-मात्रा धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट झाले. सरकारी पत्राचा विषयच फाइलचे नाव करायचे म्हटले, तर जागा पाहता पाहता संपते. प्रोग्रॅमने अंदाधुंद कापले, तर शेवटचे चिन्ह अर्धवट राहते.

मी स्वतः ओळख क्रमांकावर सोपवतो. नावात आधी हजेरी क्रमांक किंवा खाते क्रमांक, त्यानंतर माणसाचे नाव, वेलांटीसकट. आडनावे कितीही सारखी असोत, क्रमांक वेगळाच असतो.

तुमच्या संस्थेत कुणी असा प्रोग्रॅम विकायला आला, तर त्याला पाटील, पटेल, कऱ्हाडकर अशी चार-सहा नावे द्या आणि समोर बसून फायली काढायला सांगा. मग त्या उघडून बघू नका, आधी मोजा.