आधी माती ऐकावी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या संगमेश्वराकडे कुदळ मारली की जांभा लागतो. घरं जांभ्याची, गडगे जांभ्याचे, विहिरीही जांभ्यातच खणलेल्या. त्याचा तांबडा रंग लोहामुळे येतो, हे शाळेत शिकलो होतो. कानांना ते कळलं मात्र एका अंगठीमुळे.

आमच्या आपाची, म्हणजे थोरल्या बहिणीची, सोन्याची अंगठी भातलावणीच्या दिवसांत हरवली. मळ्यात पडली की घरात, तिला आठवेना. त्या दिवशी लावणीला आलेल्या एक काकी पाणी प्यायला ओटीवर आल्या होत्या. उघड कोणी काही बोललं नाही, पण घरात कुजबुज झाली आणि ती उंबऱ्याबाहेर गेली. वीस वर्षं आमच्याकडे येणाऱ्या काकींनी येणं बंद केलं.

पुढच्या मे महिन्यात भाचा कुवेतहून सुटीवर आला. येताना त्यानं मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधायचं यंत्र आणलं. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती. मळ्यात चकती जमिनीजवळ नेली की यंत्र ओरडे. पहिल्या दिवशी चौदा खड्डे खणले. निघाली नुसती जांभ्याची खडी. भाचा वैतागला, “मामू, यंत्र बिघडलंय.” मी म्हटलं, “आधी सोबतची पुस्तिका वाच.”

यंत्र बिघडलं नव्हतं. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज फिरते आणि भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक विद्युत्प्रवाह उठतात आणि यंत्र त्यांची चाहूल टिपतं. पण जांभ्यातली काही लोहसंयुगंही चुंबकाला दाद देतात. त्यांच्या गोंगाटात बिचाऱ्या अंगठीचा आवाज कुठला ऐकू येणार! म्हणून यंत्राला आधी जमिनीची ओळख करून द्यावी लागते. याला म्हणतात ग्राउंड बॅलन्स.

रीत सोपी आहे. जिथे धातू नाही अशी जागा निवडायची. चकती जमिनीला समांतर धरून फूटभर उंचीवरून दोन-तीन बोटांपर्यंत खाली आणायची, पुन्हा वर न्यायची. खाली नेताना आवाज वाढला तर बटण एका बाजूला फिरवायचं, कमी झाला तर दुसऱ्या. कोणत्या, ते पुस्तिकेत असतं. चकती खाली-वर करूनही आवाज सारखाच राहिला की जुळलं. काही यंत्रं हे आपणहून करतात. पण माती बदलली की हे पुन्हा करायचं. आमची शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. तिथल्या खाऱ्या ओल्या वाळूला मळ्यातली जुळवणी चालायची नाही.

आमची आणखी एक चूक झाली होती. संवेदनशीलता आम्ही शेवटपर्यंत चढवून ठेवली होती. जास्त ऐकण्याच्या हव्यासापायी मातीचाच गलका वाढत होता. ती उतरवली, तेव्हा यंत्र शांत झालं.

यावरून एक जुनी हकिगत सांगतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राला फसवलं. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे, असं मुख्य डॉक्टरांनी धरून ठेवलं होतं, म्हणून बेलना शोध तिथेच घ्यावा लागला. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

आम्हीही एकाच बाजूला शोधत होतो.

अंगठी बांधाच्या कडेला सापडली, जेमतेम चार बोटं खोल. बातमी गावभर झाली. दोन पोरं आली, म्हणाली, “यंत्र द्या, कसब्यात जुनं धन असेल.” कसबा म्हणजे १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ती जागा, जुन्या देवळांची. मी नाही म्हटलं. १८७८ चा कायदा सांगतो, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या जागी तर परवानगीशिवाय खणताच येत नाही. आणि उकरून काढलेलं नाणं कुठल्या थरात होतं, कशाजवळ होतं, हे एकदा पुसलं की पुन्हा कोणालाही सांगता येत नाही.

मग आपाला घेऊन मी काकींच्या घरी गेलो. आपानं अंगठी दाखवली, हात जोडले. काकींनी चहा दिला. म्हणाल्या, “गावली ना, बरं झालं. पण माझं वर्ष कुठं गेलं, ते यंत्राला विचारा.”

आम्हा दोघांना उत्तर सुचलं नाही. त्या पावसाळ्यात काकी लावणीला आल्या नाहीत. त्यांची सून आली. तिनं पाणी मागितलं, तेव्हा आपानं स्वतः तांब्या नेऊन दिला आणि तिच्याजवळ बांधावर बसून राहिली.