वेल्श भाषा आणि तिचीं नवीं गाणीं

१३ फेब्रुवारी १९६२ रोजीं सॉन्डर्स लुइस या वेल्श नाटककाराचें एक भाषण बी. बी. सी.ने ध्वनिक्षेपित केलें. ओहोटी अशीच चालू राहिली, तर एकविसाव्या शतकाच्या आरंभास वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाहीं, असा त्यांत इशारा होता. तो पोकळ नव्हता. १९०१ सालीं वेल्समधील सुमारें निम्मे लोक ही भाषा बोलत. १९६१ मध्यें तें प्रमाण शेंकडा २६ वर आलें होतें.

या इशाऱ्यानंतर जी चळवळ उभी राहिली, तिनें सभा व निदर्शनें यांबरोबर गाण्याचाहि आश्रय केला. जुन्या लोकगीतांचें वळण आणि रॉक संगीताचा जोरकस ठेका यांचा तरुणांनीं मिलाफ केला. १९६९ सालीं दाविद इवान व ह्यू जोन्स या गायकांनीं एका सहकाऱ्यासह कार्डिफ येथें ‘साइन’, म्हणजे ‘ध्वनि’, ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था स्थापिली. तिची पहिली तबकडी ह्यू जोन्स यांच्या गीताची होती. त्या गीताचें नांव ‘पाणी’ या अर्थाचें. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठीं ट्रवेरिनचें खोरें अडविलें गेलें आणि १९६५ सालीं कापेल केलिन हें वेल्शभाषी खेडें जलाशयाखालीं गेलें, त्याचें दुःख या गीतामागें आहे.

ही भाषा नव्यानें शिकणाऱ्या प्रौढास या गाण्यांचा फार उपयोग होतो. मराठींत विभक्ति लागतांना शब्दाचा शेवट बदलतो. ‘घोडा’ याचें ‘घोड्यास’ होतें. वेल्शमध्यें मात्र कित्येकदां शब्दाचा आरंभच पालटतो. वेल्स देशाचें नांव ‘कम्री’. परंतु ‘वेल्सला’ म्हणतांना तें ‘गम्री’ होतें आणि ‘आणि वेल्स’ म्हणतांना ‘खम्री’. ऐकलेला शब्द नवशिका कोशांत शोधूं लागला, तर तो त्या अक्षराखालीं सांपडतच नाहीं! व्याकरणाचा नियम पाठ असला, तरी बोलण्याच्या ओघांत तो वेळेवर आठवत नाहीं. तेंच रूप ध्रुवपदांत वीस वेळां कानांवरून गेलें, म्हणजे जिभेवर आपोआप येतें. शब्दाचा आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो, हेंहि कान ठेक्याबरोबर शिकतो.

गाण्यांतून प्रांतभेदहि कळतात. ‘आतां’ यास दक्षिणेंत ‘नाउर’ म्हणतात आणि उत्तरेंत ‘रूअन’. लिहितांना एकाचींच अक्षरें उलटीं केलीं कीं दुसरा शब्द होतो. मात्र अर्थ न पाहतां नुसतें गुणगुणत राहणाऱ्यास भाषा येत नाहीं. प्रथम ऐकावें, मग शब्द समोर ठेवून वाचावे, कोश उघडावा आणि पुन्हां ऐकावें, हा क्रम चांगला.

दाविद इवान यांचें ‘अजूनहि येथेंच’ या अर्थाचें गीत १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. वेल्सचा फुटबॉल संघ ६४ वर्षांनीं विश्वचषकास पात्र ठरला, त्या २०२२ सालीं तें कार्डिफच्या क्रीडांगणांत हजारों कंठांनीं गाइलें. त्यांत घरीं इंग्रजीच बोलणारेहि पुष्कळ होते. २०२१ च्या शिरगणतींत वेल्शभाषी सुमारें ५ लाख ३८ हजार, म्हणजे शेंकडा १८ हून किंचित् कमीच, भरले. लुइस यांनीं वर्तविलेली वेळ टळून गेली, तरी धोका टळलेला नाहीं. आईच्या मुखांतून ज्यांना ही भाषा मिळाली नाहीं, अशांपैकीं किती जण ती आपलीशी करतात, यावर आतां पुष्कळ अवलंबून आहे. आणि अशांना वर्गाच्या दारापर्यंत आणण्याचें काम एखादें आवडतें गाणेंहि करूं शकतें.