वर्गातली समता
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला 'शाळेतील मुलामुलींची समानता' हा विषय दिला आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. त्यामुळे या विषयावर बोलायचं म्हणजे आधी माझ्याच वर्गाची झडती घेणं आलं.

इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मुलगी शाळेच्या दारात पोचली ती अशी. मी बोलणार आहे ते दारातून आत आल्यावर तिचं काय होतं, त्याबद्दल.

एकदा गणिताच्या तासाला मी एका सहकारी बाईंना मागच्या बाकावर बसवलं. म्हटलं, मी प्रश्न कोणाला विचारते तेवढं टिपा, मुलगा की मुलगी. तास संपल्यावर वही बघितली आणि मला घाम फुटला. मुलांच्या बाजूला रेघाच रेघा, मुलींच्या बाजूला एका हाताची बोटं पुरतील इतक्या. त्याही पाढ्यांच्या प्रश्नांच्या. 'असं का?' हा प्रश्न मी फक्त मुलांना विचारला होता. मी स्वतः बाई! मुद्दाम केलं नव्हतं. मुलं "बाई मी, बाई मी" करत अर्धी उठायची, त्यांना विचारलं की तास पुढे सरकायचा.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मग मीही मनात एक-दोन-तीन मोजायला लागले. फार जड जातं हो! वर्ग शांत झाला की शिक्षकाला वाटतं, आपलंच काही चुकलं. पण दिवाळीपर्यंत तोंड न उघडलेली एक मुलगी फळ्याजवळ आली आणि व्याजाचं गणित माझ्यापेक्षा सोप्या रीतीने सोडवून गेली.

आता झाडूची गोष्ट. आमच्याकडे वर्ग झाडायचा मुलींनी, हे ठरलेलंच. मी बाकवार पाळी लावली. तिसऱ्या दिवशी एक पालक आले, सफाई कामगार. म्हणाले, "बाई, माझ्या हातातला झाडू पोराच्या हातात जाऊ नये म्हणून त्याला शाळेत घातला. तुम्ही तोच देता?"

मी म्हटलं, "दादा, तुमची मुलगी याच शाळेत दोन वर्षं झाडतेय."

ते गप्प झाले. मीही गप्प झाले, कारण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. आपल्या देशात झाडू कोणाच्या हातात द्यायचा ते जातीनेच ठरवलं, आणि घरात शिरल्यावर तो बाईच्या हातात गेला. दुसऱ्या दिवशी मी पाळीचा कागद नव्याने लिहिला. पहिलं नाव माझं, दुसरं हेडमास्तरांच्या मुलाचं. मग त्या दादांची दोन्ही मुलं झाडू लागली, पाळीपुरती.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. चांगलंच झालं. पण त्याच वर्गात खिचडी वाढायला मुलींनाच उभं करायचं, तर त्या चित्राचा काय उपयोग? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. त्याला कुलूप असेल, आत पाणी नसेल, तर मोठी झालेली मुलगी महिन्यातून चार दिवस घरी बसते. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर इथले काही जण आहेत. त्यांनी बैठकीत चहा यायच्या आधी ते कुलूप बघून यावं.

आपल्या विहारातही रविवारी मुलांचा वर्ग भरतो. मागच्या रविवारी मी वही घेऊन मागे बसले होते, जुनी खोड. सतरंज्या मुलींनी अंथरल्या आणि पुढे जाऊन मुलगे बसले. बाकीचं वहीत आहे. वर्ग घेणाऱ्या तरुणांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं, रागावणार नाही. आजच्या सतरंज्या गुंडाळायची पाळी मुलग्यांची आहे, यादी दाराशी लावली आहे. जय भीम.