खिडकीवरचे प्रश्न

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." म्हणून आज प्रोग्रॅमिंगवर एक शब्दही बोलत नाही. एका कामाची हकिकत सांगते. त्यात संगणक थोडा आहे, माणसं जास्त आहेत.

एका विद्यापीठाच्या व्यावसायिक शिक्षण विभागाची वेबसाइट करायचं काम आमच्याकडे आलं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी या विभागाचे अभ्यासक्रम असतात. रुग्णालय व्यवस्थापन, औद्योगिक सुरक्षा, हिशेब आणि कर, अनुवाद, खाद्यपदार्थ व्यवसाय, असे बरेच. संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी वर्ग भरतात. प्रवेशाची जाहिरात वर्तमानपत्रात कधी येणार ते ठरलेलं होतं आणि तिच्यात वेबसाइटचा पत्ता छापला जाणार होता. हातात सहा आठवडे. तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती.

अशा वेळी सगळ्यांना एकच उपाय सुचतो, माणसं वाढवा. आमच्याही वरिष्ठांनी "आणखी चार जण देतो" म्हणून सांगितलं. आमच्या क्षेत्रात फ्रेड ब्रूक्स या गृहस्थांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' नावाचं पुस्तक आहे, १९७५ सालचं. आयबीएममधल्या एका प्रचंड प्रकल्पाच्या अनुभवावर ते लिहिलेलं आहे. रखडलेल्या कामावर नवी माणसं लावली की काम आणखी रखडतं, असं त्यात दाखवून दिलं आहे. कारण साधं आहे. नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि एकमेकांशी बोलण्यातच दिवस मावळतो. लग्नघरात शंभर पाहुणे मदतीला धावले की स्वयंपाकघरात काय होतं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी चार प्रोग्रॅमर घेतले नाहीत. एकच माणूस मागून घेतला, मराठी मुद्रितशोधन उत्तम जाणणारा. तो का, ते पुढे सांगते.

पहिल्या बैठकीत चर्चा झाली ती रंगांची, बोधचिन्ह डावीकडे की मध्यभागी याची, आणि पहिल्या पानावर कोणाकोणाचे फोटो असावेत याची. फोटोंवर अर्धा तास गेला. बाहेर आले तर विभागाच्या चौकशी खिडकीसमोर रांग होती. आत एक ताई बसल्या होत्या. त्या खिडकीवर त्यांची बरीच वर्षं गेलेली. मी त्यांची परवानगी घेतली आणि दोन दिवस त्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसले. येणारा माणूस काय विचारतो, ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं.

"नोकरी करून जमेल का?" "वर्ग किती वाजता सुटतात? शेवटची बस मिळेल का?" "फी हप्त्यांत भरता येते का?" "बारावीनंतर दहा वर्षांचा खंड आहे, चालेल का?" "हे केल्यावर बढतीला उपयोग होतो का?" दोन दिवसांत "कुलगुरू कोण आहेत?" असं कोणीही विचारलं नाही.

पुढच्या बैठकीला मी ती वही नेली आणि त्या ताईंनाही बोलावण्याची विनंती केली. कुलसचिव जुन्या वळणाचे गृहस्थ होते, पण ऐकून घेणारे. त्यांनी ताईंना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही सांगा, पहिल्या पानावर काय पाहिजे?" ताई म्हणाल्या, "साहेब, कोणाला प्रवेश मिळतो, फी किती, वर्ग कधी आणि शेवटची तारीख कोणती. एवढं कळलं तर माझी अर्धी रांग घरीच बसेल." प्रश्न मिटला. फोटो 'विद्यापीठाविषयी' या पानावर गेले.

मग कामाच्या तीन याद्या केल्या. असायलाच हवं ते, असलं तर बरं ते, आणि जाहिरातीनंतर करू ते. आपले गणिताचे सर परीक्षेआधी सांगायचे, "येणारी गणितं आधी सोडवा, मग बाकीच्यांशी झटापट करा." माझ्या क्षेत्रात याच गोष्टीवर कार्यशाळा होतात आणि लोक फी भरून जातात. सर, तुम्ही ते फुकट शिकवलंत.

आता तो मुद्रितशोधक. विभागाकडे मजकूर भरपूर होता, पण बराचसा जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला. अशा फाँटमध्ये 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षरच असतं. फाँट बदलला की सगळं अगम्य. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोणत्याही फोनवर नीट दिसतं आणि शोधलं तर सापडतं. जुन्यातून नव्यात आणणारे प्रोग्रॅम असतात, पण आमच्या मजकुरात ते एका ठिकाणी हमखास अडखळत होते. मराठीचा तो 'ऱ्य', 'सुऱ्या'मधला. खाद्यपदार्थ विभागाचा एक छोटा अभ्यासक्रम होता, 'आचाऱ्यांसाठी प्रमाणपत्र'. प्रोग्रॅममधून बाहेर आला तो 'आचार्यांसाठी प्रमाणपत्र' होऊन! मुद्रितशोधकानं तो वेळीच पकडला, नाहीतर विद्यापीठातले सगळे प्राध्यापक भाजी चिरायला हजर झाले असते. मराठीच्या बाई, तुम्ही हा फरक फळ्यावर दोनदा लिहून दाखवला होतात. त्यावर कोणाचा प्रवेश अवलंबून असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसरी अडचण सूचनांची. कार्यालयाची पद्धत अशी की सूचना छापायची, सही-शिक्का करायचा, मग स्कॅन करून तिचं चित्र टाकायचं. डोळसांना ती दिसते. पण ज्यांना दिसत नाही ते फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतात आणि चित्रासमोर त्यातले बरेच प्रोग्रॅम मुके होतात. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आहे आणि वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठी जगभर मानली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरकसुद्धा आकड्यात दिलेला आहे. साध्या मजकुराला किमान ४.५ला १. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं बैठकीत छान दिसतात, उन्हात बसथांब्यावर उभं राहून वाचता येत नाहीत. आम्ही प्रत्येक सूचना मजकूर म्हणून टाकली आणि सही-शिक्क्याची प्रत खाली जोडली.

चौथ्या आठवड्यात कच्ची वेबसाइट पाच जणांच्या हातात दिली. जेकब निल्सन या तज्ज्ञांचं म्हणणं आहे की पाच जणांकडून वापरून घेतली तरी बहुतेक अडचणी उघड होतात. आम्ही ताईंच्या रांगेतलेच पाच जण निवडले. त्यांना एवढंच सांगितलं, "तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम शोधा आणि मनात येईल ते मोठ्यानं बोला." आपण गप्प बसायचं, बोट दाखवायचं नाही. हे फार कठीण असतं.

चौथ्या होत्या एका रुग्णालयात नोकरी करणाऱ्या बाई, रात्रपाळी संपवून आलेल्या. त्यांनी रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम अर्ध्या मिनिटात शोधला. मी मनातल्या मनात खूश झाले. मग त्यांनी पात्रतेची ओळ वाचली, 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी', आणि फोन खाली ठेवला. म्हणाल्या, "हे माझ्यासाठी नाही. माझी पदवी मुक्त विद्यापीठाची आहे."

मित्रांनो, नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली कायद्यानं स्थापन झालं. त्याची पदवी ही पदवीच आहे. अभ्यासक्रमाला ती चालत होती. पण माहितीपुस्तिकेत वर्षानुवर्षं तीच एक ओळ छापली जात होती आणि ती वाचून किती जण खिडकीपर्यंतही न येता परत गेले असतील, त्याची नोंद कुठे असणार? जे आले नाहीत, त्यांची रांग दिसत नसते.

त्याच दिवशी कुलसचिवांकडे गेले. त्यांनी नियम काढून पाहिले आणि लेखी होकार दिला. पात्रतेच्या ओळीखाली आणखी एक ओळ आली, 'मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी चालते.' दुसरी ओळ ताईंनी सुचवली, 'शिक्षणात खंड असला तरी अर्ज करता येतो.' संपूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते या दोन ओळींचं काम. त्यांना प्रोग्रॅमिंग लागलं नाही.

उरलेले दोन आठवडे धावपळीचे गेले. अर्ज भरायला लोक शेवटच्या दिवशी झुंबड करणार, हे आपल्याला पंधरा ऑगस्टच्या इस्त्रीच्या दुकानावरून कळतं. म्हणून माहितीची पानं आधीच तयार करून ठेवली. मागणी आली की नुसतं पान उचलून द्यायचं, दर वेळी नव्यानं रांधायचं नाही. शेवटची तारीख 'रात्री १२ वाजेपर्यंत' अशी होती. त्यात १२ म्हणजे आजचे की उद्याचे, हा घोळ होतो, म्हणून 'रात्री ११:५९' केली आणि महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहिला. जाहिरातीच्या आदल्या संध्याकाळी वेबसाइट सुरू झाली. फोटोंचं दालन नव्हतं, सरकती चित्रं नव्हती. तिसरी यादी तशीच राहिली होती आणि तिची आठवण कोणालाही झाली नाही.

अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर मी खिडकीवर गेले होते. रांग लहान झाली होती, पण संपली नव्हती. ताई म्हणाल्या, "आता येतात ते वाचून येतात. मग मला खरं बोलायला वेळ मिळतो." माझ्या मते ही वेबसाइटला मिळालेली सर्वांत मोठी पावती.

जाता जाता एक विनंती. आज सकाळपासून बरेच जण म्हणाले, शाळेची चांगली वेबसाइट करू या. जरूर करू या. तांत्रिक काम मी करीन, त्याची काळजी नको. पण त्याआधी आपल्यातल्या चौघांनी जूनमध्ये दोन दिवस शाळेच्या कार्यालयाबाहेर बसावं. मुलाला पहिलीत घालायला आलेली आई काय विचारते, दाखला हरवलेला माजी विद्यार्थी काय विचारतो, फी माफीचा अर्ज कसा करायचा हे विचारायला कोण संकोचतो, ते वहीत लिहून आणावं. वही आली की सहा आठवड्यांत वेबसाइट देते. आपले फोटो दुसऱ्या पानावर राहतील, त्याबद्दल आत्ताच क्षमा मागते.